भाकरी बदलते तिथे मुक्काम

मध्य प्रदेशच्या सहलीचा बेत मराठी घरात ठरतो तेव्हा यादी जवळपास तयारच असते. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू, इंदूर. दोन ज्योतिर्लिंगं, एक किल्ला, माहेश्वरी साड्यांची खरेदी आणि रात्रीचा सराफा, हे सगळं पाच दिवसांत. मुंबईहून निघालेली गाडी भुसावळ सोडते, तापी ओलांडते, रावेरच्या केळीबागांमधून जाते आणि तासाभरात बुऱ्हाणपूरला दोन-चार मिनिटं थांबते. डब्यातल्या कुणालाही तिथे उतरायचं नसतं. यादीत ते नाव नसतं.

या प्रकरणाचं म्हणणं असं की तिथेच उतरावं. एकाच सहलीत चार-पाच गावं करायची आणि त्या त्या मुलखाचं खाणं-पिणं, रीतभात समजून घ्यायची, तर सुरुवात कुठून करावी, मुक्काम कुठे टाकावा आणि काय गाळावं, हे ठरवायला बुऱ्हाणपूरइतकं सोयीचं उदाहरण मराठी माणसाला दुसरं सापडणार नाही.

यादी नको, पट्टा आखा

प्रेक्षणीय स्थळांची यादी करून ती रस्त्याने जोडली की सहल होते, पण मुलूख कळत नाही. त्याऐवजी नकाशावर एक पट्टा आखावा. आपला पट्टा दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो. आधी तापीचं खोरं, म्हणजे खानदेश. मग सातपुडा. त्यापलीकडे नर्मदेचं खोरं, म्हणजे निमाड. मग विंध्य आणि त्यावरचं माळव्याचं पठार. बुऱ्हाणपूर ते इंदूर हे अंतर सुमारे १८० किलोमीटर. एवढ्यात एक नदी आणि दोन डोंगररांगा ओलांडून होतात आणि माणूस समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवरून साडेपाचशे मीटरवर पोहोचतो. जमीन, पाऊस, जळण आणि पीक या चारही गोष्टी वाटेत बदलतात. म्हणून ताटही बदलतं.

ताटात सगळ्यांत आधी काय बदलतं? भाजी नव्हे, कारण वांगी-बटाटे आता कुठेही मिळतात. गोड नव्हे, कारण जिलबी सगळीकडे आहे. बदलते ती भाकरी. ती गव्हाची की ज्वारीची, की मक्याची, तव्यावर भाजलेली की निखाऱ्यात, पातळ की जाड, यावरून जमिनीचा कस आणि चुलीतलं लाकूड दोन्ही ओळखू येतं. त्यामुळे मुक्काम ठरवण्याचा एक सोपा नियम करता येतो: भाकरी बदलते तिथे मुक्काम करावा, बदलत नाही तिथून दुपारी फिरून यावं. या नियमाने पाहिलं तर उज्जैन आणि इंदूर असे दोन वेगळे मुक्काम लागत नाहीत, कारण दोन्हीकडे गव्हाचे बाफलेच. महाकाळेश्वराचं दर्शन इंदूरहून दिवसभरात करून परतता येतं. वाचलेली रात्र बुऱ्हाणपूरला द्यावी.

पहिली भाकरी: कळण्याची

सुरुवात जळगाव-भुसावळला करावी. इथली काळी जमीन कापसाची. जिथे कापूस, तिथे वेचणीनंतर काड्यांचे ढीग, आणि खानदेशातलं प्रसिद्ध भरीत त्या काड्यांच्या जाळावर होतं. हिवाळ्यात भालोद-बामणोद भागातली पांढुरक्या रेघांची हिरवी, लांबोडकी वांगी निघतात. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. वांगी जाळावर काळी होईपर्यंत भाजायची, सोलायची, मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि मोकळ्या हाताने तेल. शेतात पंगत बसते तेव्हा भरीत किलोने नाही, पातेल्याने मोजतात.

त्याच्याबरोबरची भाकरी कळण्याची. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून एकत्र दळलं की कळणा होतो. ज्वारीला चिकटपणा कमी, तो उडीद पुरवतो, आणि धान्याबरोबर डाळही पोटात जाते. कोरडवाहू मुलखातल्या कष्टकऱ्याने बसवलेलं हे गणित आजही चुकत नाही. शेवभाजी, वरण-बट्टी, फौजदारी डाळ हे पदार्थ ढाब्यांवर मिळतात. कळण्याची भाकरी मात्र खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवावी. बट्टीची चव लक्षात ठेवावी, कारण पुढे माळव्यात तिची चुलत बहीण भेटणार आहे. खानदेशात बट्टीचं पीठ उकडून किंवा वाफवून, कापून तळतात. माळव्यात त्याच कुळातला बाफला उकळून मग निखाऱ्यावर भाजतात.

वाटेवर मुक्ताई

भुसावळहून बुऱ्हाणपूरला रेल्वेने तासभर लागतो. गाडी करून गेलात तर मुक्ताईनगरवरून जावं. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवांचं जुनं मंदिर आहे, आणि कोथळी-मेहूण परिसरात संत मुक्ताबाईंची स्थानं आहेत. विजेच्या लोळात मुक्ताबाई गुप्त झाल्या ती जागा इथलीच, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या पालख्यांत मुक्ताईची पालखी सर्वांत लांबच्या पल्ल्याच्या पालख्यांपैकी एक.

मुक्ताईची एक कथा प्रत्येक मराठी मूल ऐकतं. विसोबांनी कुंभाराला खापर देऊ दिलं नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि बहिणीने त्यावर मांडे भाजले. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी पाककृतीचा एक तपशील उरतो: मांडा करायला उपडं, फुगीर, तापलेलं पृष्ठ लागतं. सपाट तव्यावर तो होत नाही. खानदेशातल्या बायका आजही गव्हाचं वस्त्रगाळ पीठ घेऊन, त्यात पुरण भरून, पारी हातांवर वाढवत नेतात आणि मातीच्या उपड्या खापरावर टाकतात. ही खापराची पुरणपोळी लक्षात ठेवून पुढे निघावं. बुऱ्हाणपूरच्या बाजारात तेच तंत्र वेगळ्या वेशात उभं आहे.

दुसरी भाकरी: बुऱ्हाणपूरचा मांडा

बुऱ्हाणपूर हे तापीच्या उत्तर काठावर वसलेलं गाव. खानदेशच्या फारुकी सुलतानांपैकी नासिर खान याने १४०० च्या सुमारास ते वसवलं आणि खुलताबादचे सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. समोरच्या काठावरचं जैनाबाद हे खुलताबादच्याच जैनुद्दीन शिराजींच्या नावाचं. म्हणजे औरंगाबादजवळच्या एका दर्ग्याच्या परंपरेने दोनशे किलोमीटरवरच्या नदीचे दोन्ही काठ आपलेसे केले. पुढे दोनशे वर्षं हे गाव खानदेशची राजधानी होतं. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर मोगलांचं दक्षिणेतलं मुख्य ठाणं झालं. दख्खनवर स्वारी करायची तर फौज इथे जमणार, इथेच खाणार.

बाजारातल्या मांड्याची हकीकत गावातली माणसं याच फौजेशी जोडतात. हजारो शिपायांना झटपट पोळी पुरवायची तर मोठी आणि पातळ पोळी हवी, म्हणून मांडा आला, असं सांगतात. याला कागदोपत्री आधार शोधण्यापेक्षा मांडेवाल्यासमोर पाच मिनिटं उभं राहावं. मैद्याचा सैलसर, भरपूर मळलेला गोळा तो आधी हाताने थापतो. मग दोन्ही पंजांवर घेऊन फिरवत, झुलवत वाढवतो. पारी कोपरापर्यंत येते, तिच्यातून पलीकडचं दिसायला लागतं, तरी फाटत नाही. क्षणात ती चुलीवरच्या मोठ्या उपड्या लोखंडी तव्यावर पडते, फोड धरते, उलटते आणि रुमालासारखी घडी होऊन टोपलीत जाते. भाजण्याला मिनिटही लागत नाही. रस्सा-कालवणाबरोबर मांडा खातात. मांसाहार करत नसाल तर वरणाबरोबर, आणि उन्हाळा असेल तर आमरसाबरोबर खाऊन पाहावा. गावातल्या लग्नकार्यांतही मांड्याला मान असतो.

मुक्ताईच्या गावाहून इथवर अंतर तासाभराचं. खापर मातीचं होतं, ते लोखंडी झालं. पुरण गेलं, पीठ मैद्याचं झालं. घरातली बाई जाऊन बाजारातला कारागीर आला. उपडं, फुगीर, तापलेलं पृष्ठ तेवढं कायम राहिलं. राज्याची सीमा या दोन्हींच्या मधून जाते, पण चुलीला ती माहीत नाही.

गोड खाणाऱ्यांसाठी दोन पदार्थ. मावा जलेबी खवा आणि आरारुटाच्या जाड घोळाची असते. तुपात तळून काळपट तपकिरी झाली की पाकात जाते आणि गरमच खायची. मुंबईकरांनी रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर बुऱ्हाणपूरच्या नावाने ती खाल्लेली असते. मूळ गावी ती खाण्यासाठी सणाची वाट पाहावी लागत नाही. दुसरा पदार्थ दराबा. खानदेशी घरांत दराब्याचे लाडू ओळखीचे आहेत. बुऱ्हाणपूरचा दराबा मात्र भाजलेल्या रव्याचा, तूप आणि पिठीसाखर घालून इतका फेटलेला की हलका, मऊ आणि पांढुरका होतो. त्यातलं कौशल्य सगळं मनगटात आहे.

या गावात एकाच दिवसात चार वेगळ्या पंगती पाहता येतात. बाजारात मांडे. लेवा, गुजर आणि इतर मराठी-गुजराती-निमाडी घरांत भाकरी. लोधीपुऱ्यातल्या दर्गाह-ए-हकीमीच्या निमित्ताने येणाऱ्या दाऊदी बोहरा यात्रेकरूंचा थाळ, ज्यात मोठ्या गोल ताटाभोवती सगळे मिळून जेवतात आणि चिमूटभर मिठाने सुरुवात करतात. आणि गुरुद्वाऱ्यातला लंगर. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडकडे जाताना इथे थांबले होते, त्यामुळे नांदेडच्या शीख यात्रेकरूंच्या वाटेवर हे गाव आहेच. लंगरात कुणीही बसावं. दर्ग्याच्या आवारातलं भोजन समाजाच्या यात्रेकरूंसाठी असतं, तिथे पाहुणा म्हणून कुणी नेलं तरच जावं.

बुऱ्हाणपूरचे दोन दिवस

रेल्वे स्थानक लालबागला, गावापासून तीनेक किलोमीटरवर आहे. कुंडी भंडाराही त्याच बाजूला, म्हणून आल्या दिवशी आधी तिकडे जावं. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करून केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणायचं, आणि ठरावीक अंतरावर हवा व उपशासाठी विहिरीसारख्या कुंड्या खणायच्या, अशी ही योजना. अब्दुर्रहीम खानखानान इथे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास ती झाली आणि तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने ती आखली असं मानतात. इराणात अशा भुयारी नळाला कनात म्हणतात. मराठवाड्याच्या वाचकाला मलिक अंबरची औरंगाबादची नहर आठवेल, ती याच काळातली आणि याच तत्त्वावरची. एका कुंडीत खाली उतरायला पाळणा बसवला आहे, तो चालू आहे का ते आधी विचारून जावं. खाली उतरलात तर भिंतींवर साचलेला चुनखडीचा पांढरा थर आणि पायांशी वाहणारं गार, नितळ पाणी दिसतं. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कुंडी भंडाऱ्याचं नाव आलं.

मग जामा मशीद पाहावी, शुक्रवारची नमाजाची वेळ टाळून. राजा अली खान या फारुकी सुलतानाच्या काळात, १५९० च्या सुमारास ती बांधली गेली. आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरला आहे. मशिदीच्या भिंतीवर देवनागरी अक्षरांत तिथी-नक्षत्राची नोंद वाचताना त्या काळाविषयीच्या आपल्या बऱ्याच ठाम समजुती हलतात. तिथून बाजार जवळच आहे. संध्याकाळ मांड्यांसाठी मोकळी ठेवावी.

दुसऱ्या सकाळी तापीकाठचा शाही किल्ला. त्यातल्या हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी अजून शाबूत आहे. शाहजहान खानजहान लोदीच्या बंडाचा बंदोबस्त करायला इथे तळ देऊन असताना १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात इथे वारली. पलीकडच्या जैनाबादच्या आहूखान्यात तिला तात्पुरतं पुरलं होतं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पार्थिव आग्र्याला नेलं. शाह शुजाची बेगम बिल्किस हिची लहानशी, खरबुजाच्या आकाराची कबर गावात आहे. बाहेरून साधी, आत भिंतभर चित्रकाम. ती न पाहता कुणी परतू नये.

मराठी इतिहास वाचलेल्याला इथे आणखी काही जागा ओळखीच्या वाटतील. पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरलाच वारला, त्याची छत्री तापी-मोहना संगमाजवळ आहे. राज्याभिषेक होताच, १६८१ च्या सुरुवातीला, संभाजीराजांच्या फौजेने याच गावच्या श्रीमंत पुऱ्यांवर छापा घातला. उदगीरच्या १७६० च्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर आणि अशीरगड पेशव्यांकडे आले, आणि त्याच वर्षी सदाशिवरावभाऊंची फौज पानिपताकडे याच वाटेने गेली. पूर्वी दक्षिणेतून उत्तरेत जाणाऱ्या अनेक मोठ्या फौजांना हा उंबरा ओलांडावा लागे.

तिसरी भाकरी: निमाडची ज्वारी

बुऱ्हाणपूरहून इंदूर रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर अशीरगड दिसतो. सातपुड्यातली ही खिंड राखणाऱ्या किल्ल्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. गडावर शिवमंदिर आहे आणि तिथे अश्वत्थामा पहाटे पूजा करून जातो अशी आख्यायिका सांगतात. नर्मदा परिक्रमेची पुस्तकं वाचलेल्यांना तेल मागत फिरणारा अश्वत्थामा माहीत असतोच.

गड उतरला की निमाड. भाषा निमाडी, कान देऊन ऐकलं तर मराठी माणसाला निम्म्याहून अधिक कळते. भाकरी ज्वारीची, पण तिच्यातले उडीद गेले. सोबत अंबाडीची आंबट भाजी, तुरीची डाळ आणि लाल मिरची. खरगोन जिल्ह्यातलं बेडिया हे मिरचीच्या मोठ्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगामात आजूबाजूची मैदानं वाळत घातलेल्या मिरचीने लाल झालेली असतात, आणि गाडीच्या काचा बंद असल्या तरी ठसका लागतो.

बेडिया-सनावदच्या बाजूला आलात की रावेरखेडी चुकवू नये. थोरल्या बाजीरावांचा २८ एप्रिल १७४० रोजी इथे नर्मदाकाठी अंत झाला. तटबंदीच्या आत त्यांची समाधी आहे. हॉटेल नाही, गर्दी नाही. नर्मदा परिक्रमावासी मात्र भेटतात. त्यांना गावोगावची घरं शिधा किंवा जेवण देतात. निमाडची पाहुणचाराची रीत कुठल्याही खानावळीपेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसते.

ओंकारेश्वर इथून जवळ. दर्शन करून रात्रीच्या मुक्कामाला महेश्वर गाठावं. अहल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात तिथून राज्य केलं. घाटावरच्या दगडी नक्षीतल्या वेलबुट्ट्या आणि माहेश्वरी साडीच्या काठांवरच्या आकृत्या शेजारी ठेवून पाहिल्या की विणकरांनी नमुने कुठून उचलले ते समजतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या दांपत्याने उभारलेल्या रेहवा सोसायटीमुळे मागावरची ही कला पुन्हा सावरली. साडी घ्यायची असेल तर माग चालताना पाहून मग घ्यावी.

चौथी आणि पाचवी: पानिया आणि बाफला

महेश्वरहून मांडू चाळीसेक किलोमीटर, पुढे विंध्याचा चढ. डोंगरात गव्हाची जमीन नाही, मका आहे. भिल्ल-भिलाला वस्त्यांच्या या भागात मक्याच्या पिठाचे गोळे थापून पळसाच्या पानांत ठेवतात आणि गोवऱ्यांच्या धगीत भाजतात. हेच पानिये. पान जळतं, पण पीठ जळत नाही, आणि पानाच्या शिरांचा ठसा भाकरीवर उमटतो. सोबत उडदाची डाळ.

याच मांडूत पंधराव्या शतकाच्या शेवटी गियासुद्दीन खिलजी या सुलतानाच्या आज्ञेने ‘निमतनामा’ नावाचा पाककृतींचा सचित्र ग्रंथ तयार झाला. फारसीत लिहिलेल्या या ग्रंथात सामोसे आहेत, सरबतं आहेत, सुगंधी द्रव्यं आहेत. त्याची हस्तलिखित प्रत पुढे टिपू सुलतानाच्या ग्रंथालयातून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली. राजवाड्यातले सामोसे आणि डोंगरउतारावरचे पानिये, अशी दोन स्वयंपाकघरं एकाच गडावर भेटतात. सुलतानाच्या पाककृती चित्रांसह ग्रंथात जपल्या गेल्या. पानियांची कृती कुणी लिहून ठेवली नाही, तरी ते रोज भाजले जातात.

विंध्य चढून वर आलं की माळवा, गव्हाचा सुपीक मुलूख. इथला बाफला जाडसर गव्हाच्या पिठाचा, हळद-ओवा घातलेला. उकळून, भाजून, मग तुपात बुडवलेला. दुपारी बाफले खाल्ले तर संध्याकाळी इंदूरच्या सराफ्यात जायची ताकद उरत नाही, हे आधीच लक्षात घ्यावं. सराफ कट्ट्यावरची दागिन्यांची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे रात्री नऊनंतर खाऊच्या गाड्या लागतात. भुट्टे का कीस, गराडू, जलेबा. सकाळी पोहे-जलेबी. होळकरांच्या या शहरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे पोह्यांवर शेव आणि जिरावन पडलं तरी आपल्याला परकं वाटत नाही.

वेळ, ऋतू आणि वेळापत्रक

खाण्याच्या सहलीत दोन घड्याळं सांभाळावी लागतात. पहिलं दिवसाचं. पोहे सकाळी नऊच्या आत, भरीत-भाकरी आणि बाफले दुपारी, मांडे संध्याकाळी, सराफा रात्री. प्रवास या वेळांच्या मधल्या फटीत बसवावा, उलटं करू नये. दुसरं घड्याळ वर्षाचं. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला भरिताने ते पुन्हा सुरू होतं. तिथून पुढचे दोन महिने या पट्ट्यासाठी उत्तम. भरिताची वांगी, माळव्याचा गराडू आणि सोसवणारं ऊन, तिन्ही एकत्र मिळतात. मांडू मात्र श्रावणात सर्वांत देखणं दिसतं, त्यासाठी वेगळी फेरी करावी. चैत्रात निमाडमध्ये गणगौर असतो, नऊ दिवस गावोगाव जवारे आणि निमाडी गाणी. रमजानात बुऱ्हाणपूरचा बाजार रात्री जागा असतो. तो महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा पंचांग पाहूनच बेत करावा. मे महिन्यात जाऊ नये. तापीच्या खोऱ्यात तेव्हा पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो.

आठवडाभराचा बेत असा जमतो:

पहिला दिवस: जळगाव किंवा भुसावळ. भरीत, कळण्याची भाकरी. मुक्काम तिथेच.
दुसरा दिवस: चांगदेव, मुक्ताईनगर करून दुपारपर्यंत बुऱ्हाणपूर. कुंडी भंडारा, जामा मशीद, संध्याकाळी मांडे.
तिसरा दिवस: किल्ला, बिल्किस बेगमची कबर, नदीपलीकडे आहूखाना. मुक्काम बुऱ्हाणपूर.
चौथा दिवस: अशीरगड, रावेरखेडी, ओंकारेश्वर. रात्री महेश्वर. हा दिवस पूर्ण रस्त्यावर जातो, पहाटे निघावं.
पाचवा दिवस: महेश्वरचा घाट आणि माग. दुसरं काही नाही.
सहावा दिवस: मांडू, संध्याकाळी इंदूर.
सातवा दिवस: इंदूर किंवा उज्जैनची फेरी. रात्रीची परतीची गाडी.

नागपूरकडून येणाऱ्यांनी हाच क्रम उलटा करावा, भुसावळला शेवट केला की परतीची गाडी सोपी पडते. लहान मुलं किंवा वृद्ध बरोबर असतील तर मांडू गाळून महेश्वरला एक रात्र वाढवावी. बुऱ्हाणपूरची रात्र गाळू नये.

दिवसाला एकच जेवण आधी ठरवावं, दुसरं मोकळं ठेवावं. दोन्ही ठरवली की रिक्षावाला, साडीवाला किंवा शेजारच्या बाकावरचा माणूस जे सुचवेल ते ऐकायला जागा उरत नाही, आणि या मुलखात सुचवणारी माणसं भरपूर आहेत. बुऱ्हाणपुरात मराठी बोललात तरी चालतं, अनेकजण मराठीतच उत्तर देतात. कुठे काय खावं हे दुकानदाराला विचारण्याऐवजी ‘तुमच्या घरी आज काय केलंय’ एवढं विचारावं. उत्तर बहुधा भाकरीपासून सुरू होतं. पुढच्या वेळी भुसावळ सुटल्यावर झोपू नका, तासाभराने उतरायचं आहे.